मानधनाचे पाकीट आणि मुखपृष्ठाचा धनी

दिवाळी अंक हातात पडला की वाचक प्रथम मुखपृष्ठ पाहतो आणि मग अनुक्रमणिका उघडतो. पुस्तकांच्या दुकानात शंभर अंक मांडलेले असताना एक नेमका उचलावासा वाटतो, तो बहुधा त्या चित्रामुळे. कथा, कविता, परिसंवाद हे सारे नंतरचे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनच्या या परंपरेविषयी अभिमानाने बोलण्याची आपल्याकडे चाल आहे. तो अभिमान मलाही आहे. मला विचारावयाचे आहे ते इतकेच, की ज्या चित्राकडे पाहून तुम्ही अंक उचललात, त्या चित्राचा धनी कोण?

चित्रकार, असे उत्तर कोणीही देईल. दुर्दैवाने ते बहुतेक वेळा चूक असते. आपला कॉपीराइट कायदा १९५७ साली झाला आणि २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. कृतीचा पहिला मालक कोण, हे त्याच्या सतराव्या कलमात सांगितले आहे. मूळ नियम सरळ आहे: कृती ज्याची, हक्क त्याचा. पण लगोलग अपवाद सुरू होतात आणि त्यांतला एक असा, की दुसऱ्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेले रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र असेल, तर वेगळा करार झालेला नसल्यास, स्वामित्वहक्क ज्याने ते काढवून घेतले त्याचा! कथालेखकाला हा अपवाद लागू नाही. संपादकांनी पत्र लिहून कथा मागवली, पैसे दिले, तरी लेखक मासिकाचा पगारी नोकर नसेल तर कथा लेखकाचीच राहते. म्हणजे एकाच अंकासाठी, एकाच संपादकाच्या मागणीवरून दोघांनी काम केले. कथाकार आपल्या कथेचा धनी राहिला, आणि चित्रकार पाकीट घेऊन घरी गेला तो आपले चित्र गमावून. त्याला हे ठाऊक नसते. खरे तर संपादकालाही बहुधा ठाऊक नसते. एवढ्यापुरती दोघांची बरोबरी आहे.

हा हक्क किती काळ चालतो पाहा. मूळ कायद्यात कर्त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे अशी मुदत होती. १९९१ अखेर रवींद्रनाथांच्या ग्रंथांवरचा हक्क संपू लागला तेव्हा ती साठ वर्षांची करण्यात आली. तेव्हा आमच्या चित्रकाराने डोळे मिटल्यावर पुढची साठ वर्षे, त्याच्या नातवाला आजोबांचे मुखपृष्ठ एखाद्या पुस्तकात छापावयाचे झाले तर परवानगी मागावी लागेल ती मासिकाच्या मालकाकडे, आणि मासिक बंद पडले असेल तर त्या मालकाच्या वारसांचा पत्ता शोधून त्यांच्याकडे. मुदत मोजावयाची चित्रकाराच्या आयुष्यावरून आणि भोगावयाची दुसऱ्याने! दीनानाथ दलालांपुढे हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला होता. त्यांनी १९४५ साली स्वतःचेच ‘दीपावली’ काढले. पण प्रत्येक चित्रकाराने आपल्या चित्राचा धनी राहण्यासाठी एकेक मासिक काढावे, असा सल्ला देण्याचे धैर्य मला नाही.

माझ्या ओळखीच्या एका चित्रकाराचे मुखपृष्ठ, उंबऱ्यात पणती घेऊन उभी असलेली मुलगी, दोन वर्षांनी मिठाईच्या खोक्यावर आले. कोपऱ्यातली सही कापून टाकलेली. मिठाईवाल्याने ते चोरले नव्हते. मासिकाला रीतसर पैसे मोजून घेतले होते. चित्रकार तक्रार घेऊन गेला तेव्हा त्याला अगदी गोड शब्दांत सांगण्यात आले, की आपले मानधन त्याच दिवाळीत पोचते केले आहे. सांगणारा कायद्याच्या दृष्टीने फारसे खोटे बोलत नव्हता. सही कापणे ही गोष्ट मात्र वेगळी. तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

‘मानधन’ हा शब्द मोठा धूर्त आहे. मजुरी म्हटली की किती आणि कशाची, हे विचारता येते. किंमत म्हटली की काय विकले आणि काय आपल्याकडे राहिले, हे विचारता येते. मानधनाला असले काही विचारण्याची सोय नाही. विचारले की धन राहते आणि मान जातो! पाकिटात जे असेल ते कपाळाला लावून खिशात घालावयाचे. वर लक्ष्मी आणि सरस्वती एकत्र नांदत नाहीत, हे सुभाषित ऐकावयाचे. ते कोणी रचले असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. रचणारा सरस्वतीच्या घरचा नसावा, एवढे नक्की. कारण त्याच अंकाचा कागदवाला, छापखानेवाला, बांधणीवाला आपापली बिले जीएसटीसकट लावतात आणि त्यांच्यापुढे कोणी हे सुभाषित म्हणून दाखवत नाही.

या ठिकाणी हमखास संतांना साक्षीला बोलावले जाते. ज्ञानोबा-तुकोबांनी कुठे हक्क राखून ठेवले होते, असे विचारतात. ठेवले नव्हते, खरे. पण प्रत्येक अभंगाच्या अखेरीस त्यांनी आपली नाममुद्रा ठेवली, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. शाहिरांनीही ठेवली. राम जोशी, होनाजी बाळा, पठ्ठे बापूराव यांची कवने आपण ओळखतो ती त्या अखेरच्या मुद्रेमुळे. ‘हे माझे आहे’ असे सांगण्यात अहंकार आहे, ही कल्पना मराठी परंपरेतली नाही. ती ज्याला नाव कापावयाचे आहे त्याने पुढे आणलेली आहे. आणि आता तर कात्रीचीही गरज उरली नाही. मोबाइलवर बोटाने चित्राची कड सारली की सही गेली आणि चित्र ‘संग्रहित’ झाले!

आता कलावंतांविषयीही थोडे कडू बोलले पाहिजे. ज्या मंडळींचा अन्याय झाल्याचा सूर सर्वांत मोठा असतो, त्यांनीच कायद्याचे पान कधी उलटलेले नसते. ‘नोंदणी केली नव्हती, म्हणून माझा हक्क बुडाला,’ असे एक म्हणतो. साफ खोटे. हक्क कृतीबरोबरच जन्माला येतो. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयातील नोंदणी सक्तीची नाही. ती पुरावा म्हणून उपयोगी पडते, एवढेच. दुसरा म्हणतो, ‘माझी कल्पना चोरली.’ कल्पनेवर कोणाचाच हक्क नसतो. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकाचे लेखक आर. जी. आनंद यांनी ‘न्यू दिल्ली’ या चित्रपटावर दावा लावला, त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दिला. विषय एक असला तरी मांडणी वेगळी असेल तर तक्रार चालत नाही, असे त्यात स्पष्ट झाले आणि आनंद हरले. तिसरा आपले चित्र विकतो आणि समजतो की सारेच विकले. तसे नाही. घेणाऱ्याला मिळतो तो कॅनव्हास. त्यावरून कॅलेंडर छापण्याचा हक्क लिहून दिल्याखेरीज त्याच्याकडे जात नाही. उलट तेच चित्र पुढे दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या रकमेत दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागण्याची तरतूद कायद्यात आहे. मात्र हा वाटा मागावयाचा तर चित्रकार हा त्या सतराव्या कलमाप्रमाणे पहिला मालक असावा लागतो. म्हणजे मुखपृष्ठवाला येथेही बाहेरच!

लेखकांनी यावर समाधानाने मान डोलावू नये. त्यांची तऱ्हा आणखी न्यारी. कायद्याने हक्क त्यांचा ठेवला, तर ते तो ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ या तीन शब्दांवर सही करून आपण होऊन देतात. वास्तविक एकोणिसावे कलम लेखकाच्या बाजूने पुष्कळ बोलते. हक्क देणे लेखी हवे, त्यावर सही हवी. कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यावर, हे त्यात हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरावयाची. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि प्रकाशकाने घेतलेला हक्क वर्षभर वापरलाच नाही, तर करारात वेगळे काही नसल्यास तो लेखकाकडे परत येतो. १९९४ च्या दुरुस्तीपासून हे संरक्षण मिळालेले आहे. किती लेखकांनी पाच वर्षे उलटल्यावर आपला कागद काढून पाहिला असेल? कागद घरात असेल तर ना!

तथापि हा कायदा कलावंताची बाजू घेऊन इतरांना नाडतो, असेही नाही. गावच्या हौशी मंडळींनी तिकीट न लावता नाटक केले तर कायदा त्यांच्या आड येत नाही. परीक्षणासाठी, टीकेसाठी उतारा घ्यावयास कोणाची परवानगी लागत नाही. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कृती सर्वांची होते. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणालाही छापता येते, आणि ते योग्यच आहे.

आता त्या कापलेल्या सहीकडे वळतो. सत्तावन्नाव्या कलमाने कर्त्याला एक असा हक्क दिला आहे, की तो स्वामित्वहक्क विकल्यावरही त्याच्याकडेच राहतो: कृती आपली आहे हे सांगण्याचा, आणि आपल्या लौकिकाला बाध येईल अशी तिची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी एक भव्य कांस्यभित्तिशिल्प घडवले होते. १९७९ साली ते भिंतीवरून उतरवून गोदामात टाकण्यात आले. शिल्प सरकारने सांगून करवून घेतलेले. पैसे सरकारचे, भिंत सरकारची. तरीही सेहगल न्यायालयात गेले, आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेसुरले अवशेष त्यांना परत करावेत आणि पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असा निकाल दिला. साक्षात सरकारला जे सांगता येते, ते मिठाईवाल्याला सांगावयास आमचा चित्रकार कचरला, कारण त्याला हे कलम कोणी दाखवले नव्हते.

सतराव्या कलमातला तो अपवाद काही ब्रह्मलिखित नाही. चित्रपटगीतांच्या बाबतीत १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या बाजूने निकाल दिला आणि गीतकार-संगीतकारांच्या हाती काही उरले नाही. त्यांनी ही गोष्ट धरून ठेवली. जावेद अख्तर राज्यसभेत गेल्यावर त्यांनी तिथे ती लावून धरली. आणि २०१२ साली कायदा बदलला. आता चित्रपटगृहाबाहेर गाणे वाजले की होणाऱ्या उत्पन्नातला वाटा गीतकाराने सही करून देऊन टाकतो म्हटले, तरी तो निर्मात्याला देता येत नाही. चित्रकारांसाठी अशी दुरुस्ती व्हावी म्हणून कोण उभा राहिला आहे? प्रदर्शनाच्या उद्‌घाटनाला जमणाऱ्या गर्दीपैकी दहा जणांनी तरी उभे राहावे.

तोवर उपाय कायद्यातच आहे: ‘वेगळा करार झालेला नसल्यास.’ त्यासाठी वकील नको, मुद्रांकाची चिंता नको. काम हाती घेण्याआधी एक पत्र पुरे. हे चित्र अमुक वर्षाच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी एकदाच छापावे, स्वामित्वहक्क आणि मूळ चित्र चित्रकाराकडे राहील, सहीसकट छापावे, अन्य उपयोगासाठी वेगळी लेखी परवानगी आणि वेगळा मोबदला. खाली दोघांच्या सह्या. दिवाळी अंक आधीच तोट्यात चालतात, असे संपादक सांगतील. या पत्राने त्यांचा एक रुपयाही वाढत नाही. मुखपृष्ठ त्यांना एकदाच हवे असते आणि ते एकदाच मिळते. ‘असे पत्र मागितले तर पुढल्या वर्षी काम मिळणार नाही,’ ही चित्रकाराची भीती मात्र खरी आहे. म्हणून पत्र चित्रकाराने मागण्याची वाट न पाहता संपादकांनीच ते चित्राच्या मागणीबरोबर धाडावे.

या लेखासोबत मी माझ्यापुरते तसे पत्र पाठवीत आहे. यंदाच्या मुखपृष्ठाविषयी चित्रकाराशी काय ठरले आहे, ते संपादकांनी याच अंकात, अनुक्रमणिकेच्या पानावर, त्याच्या नावाखाली छापावे.