शंभर वॅटची अंधश्रद्धा

'मेटल वाजवायचं तर शंभर वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प आणि बारा इंची चार स्पीकरांचं कॅबिनेट हवं; बॅटरीवरची खेळणी घेणाऱ्यांनी खुशाल भजनाला बसावं,' असं फर्मान एका ज्येष्ठ गिटारवादकाने नुकतंच काढलं. भजनाला बसणं त्यांना शिक्षा वाटते, म्हणजे रंगात आलेला पखवाज त्यांनी कधी ऐकलेला नसावा. असो. त्यांचा दावा एवढाच : छोट्या स्पीकरला खर्ज नाही, ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टर असलेल्या अ‍ॅम्पला जीव नाही आणि हळू आवाजात वाजवून हात बिघडतो.

आधी खर्ज. गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते, ती उतरवून ड्रॉप डी केली की ७३. चार इंची स्पीकरला हा सूर नीट पेलत नाही, कबूल. पण कान वरच्या हार्मोनिक्सवरून मूळ सूर आपला आपण जुळवतो, आणि डिस्टॉर्शन म्हणजे हार्मोनिक्सचा नुसता सुकाळ! शिवाय रेकॉर्डिंगमध्ये गिटारचा साधारण ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग सहसा छाटूनच टाकतात, कारण ती जागा बेस आणि किक ड्रमची. ज्या छातीत बसणाऱ्या दणक्यावर आमचे ज्येष्ठ भाळले, त्यातला मोठा वाटा बेसवाल्याचा आहे. त्याला श्रेय द्यायचं नाही, ही गिटारवाल्यांची जुनी रीत. आणि शंभर वॅट म्हणजे दहा वॅटच्या दहापट आवाज, हा हिशेबही खोटा. कानाला तो जेमतेम दुप्पट वाटतो. वर फ्लॅटमध्ये व्हॉल्यूमचा नॉब एकच्या पुढे सरकवला, की खालच्या मजल्यावरचे काका दारात हजर. म्हणजे पॉवर ट्यूबना घाम फुटतच नाही आणि ते भव्य कॅबिनेट कपडे वाळत घालायच्या कामी येतं.

ट्रान्झिस्टरला जीव नसेल, तर पँटेरा या मेटल बँडचा गिटारवादक डायमबॅग डॅरेल रँडलच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर काय करत होता? आणि हात बिघडतो तो हळू आवाजाने नव्हे, तर चुका झाकणाऱ्या अतोनात गेनने, म्हणजे डिस्टॉर्शनच्या माऱ्याने.

अशाच ज्येष्ठ मंडळींनी पूर्वी मल्टी-इफेक्ट पेडलला पाप ठरवलं होतं. त्याआधी 'वर्षभर डिस्टॉर्शनला हात लावायचा नाही' हे सोवळं होतं. नाचता येईना, अंगण वाकडं. फक्त अंगण दर काही वर्षांनी बदलतं.

मग घ्यावं काय? बास, मिड, ट्रेबल वेगळे असलेला आणि हेडफोनची सोय असलेला अ‍ॅम्प. बॉसचा कटाना मिनी सात वॅटचा, चार इंची स्पीकरचा, सहा पेन्सिल सेलवर चालणारा; सरावाला पुरे. दुकानात आपलीच गिटार न्यावी, आपल्याच ट्यूनिंगमध्ये. गेन अर्ध्यावर, आवाज बोलण्याइतका. हळू आवाजात कानाला खर्ज कमी जाणवतो म्हणून मिड पाडून बास चढवायचा मोह होतो. तो आवरावा, नाहीतर रिफ चिखलात जाते. तळहाताची कड ब्रिजपाशी टेकवून खालच्या तारेवर सलग डाउनस्ट्रोक मारावेत. प्रत्येक ठोका सुटा आला आणि हात थांबताच आवाजही थांबला, तर पैसे द्यावेत. शंभर वॅटवाल्यांनीही ही परीक्षा एकदा द्यावी, काकांची परवानगी काढून.