खंजन कोणी पाहिला आहे?

अलंकार शिकवताना 'खंजननयना' हा शब्द हमखास येतो. डोळे उपमेय, खंजन उपमान, एवढे सांगून तास पुढे सरकतो. खंजन कोण, हे विचारले जात नाही. हे अज्ञान आम्हांला निरुपद्रवी वाटत नाही.

खंजन म्हणजे धोबी किंवा परीट. ओल्या मातीवर शेपटी नाचवत किडे टिपणारा. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी जालना जिल्ह्यात अंबड-घनसावंगीची शेते भिजवते. अशा भिजल्या रानात हिवाळी पाहुणा म्हणून येणारा पिवळा धोबी युरोप-आशियातील ओल्या कुरणांत वीण करतो. पश्चिम युरोपात त्या कुरणांचा निचरा झाला, तसा पक्षी ओसरला. ब्रिटनमध्ये २००९ साली तो धोक्यातील पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. आपल्याकडचे पाहुणे मुख्यतः मध्य आशिया-सैबेरियाकडचे, हे खरे; पण ओल गेली की पक्षी जातो, हा न्याय तिथेही तोच.

'साहित्याला पक्षिशास्त्र कशाला?' असे यावर म्हटले जाईल. मारुती चितमपल्लींना २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. २०२५ मध्ये ते गेले तेव्हा श्रद्धांजल्याही वाहिल्या गेल्या. पक्ष्यांची मराठी नावे त्यांनी आयुष्यभर गोळा केली. समीक्षेने मात्र त्यांना 'निसर्गलेखन' या कप्प्यात ठेवून लांबूनच नमस्कार केला.

आमचे म्हणणे साधे आहे. उपमान न पाहता शिकवलेली उपमा ही घोकंपट्टी होय. उद्या शरदात खंजन आलाच नाही, तर त्याची अनुपस्थिती ओळखणार कोण? पाठ्यपुस्तकात तो तेव्हाही सुखरूप असेल.