मागचा कालवा खरा आहे का, एवढंच विचारा

मी वडूजमध्ये व्हिडिओ एडिटिंग करतो. लग्नं, साखरपुडे, दुकानांच्या जाहिराती, आणि अधूनमधून यूट्यूबवरच्या लोकल बातम्या. हिरवं कापड माझ्या खोलीतही टांगलेलं आहे आणि त्यावर माझं पोट चालतं. त्यामुळं ही पोस्ट तंत्रज्ञानाला शिव्या घालायला लिहिलेली नाही. लांब आहे, पण निवडणुका आणि पाऊस दोन्ही दर वर्षा-दोन वर्षांनी येतातच, म्हणून वाचा.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. माणसाच्या मागचं चित्र सजावट म्हणून लावलं असेल तर काय वाट्टेल ते लावा, पण पुरावा म्हणून लावलं असेल तर ते खरंच पाहिजे. आणि आपल्या तालुक्यात, जिल्ह्यात, सगळ्या राज्यातच ही दोन कामं एकमेकांत मिसळायला लागलीत.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माणसाला एकसारख्या हिरव्या कापडापुढं उभं करायचं. कापडावर वेगळे लाइट, माणसावर वेगळे. माणूस कापडापासून पाच-सहा फूट पुढं, नाहीतर हिरवी झाक कानावर आणि खांद्यावर येते. मग सॉफ्टवेअरला सांगायचं की हा रंग गायब कर. याला आम्ही की मारणं म्हणतो. गायब झालेल्या जागी आयफेल टॉवर लावा नाहीतर अजिंक्यतारा लावा. हिरवाच का? कारण माणसाच्या कातडीत तो रंग फार कमी, आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या दर चार ठिपक्यांपैकी दोन हिरव्यासाठी असतात, म्हणून कड स्वच्छ निघते. आपल्याकडं अडचण एकच, नवरीचा हिरवा शालू आणि हिरवा चुडा. की मारली की नवरीच्या मनगटातून मागचा ताजमहाल दिसतो. तेव्हा निळं कापड काढायचं.

पूर्वी हे काम फक्त मोठ्या स्टुडिओंचं होतं. १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये निळ्या पडद्यानं उडता गालिचा दाखवला आणि त्याला ऑस्कर मिळालं. आज ओबीएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कापड कुठल्याही दुकानात मिळतं, आणि दहा बाय दहाच्या खोलीतून कुणीही 'न्यूज स्टुडिओ' उभा करतो. मागं काचेच्या भिंती, फिरणारी पृथ्वी, लाल पट्ट्या. यात मला काहीही गैर वाटत नाही. उलट तालुक्याच्या पोरानं कमी पैशात नीटनेटकी बातमी दिली तर कौतुकच आहे.

खोटं चित्र म्हणजे फसवणूक, असंही मी म्हणत नाही. मराठी माणसानं तर सिनेमाच ट्रिकवर उभा केला. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ ला 'लंकादहन' केला, १९१९ ला 'कालिया मर्दन'. 'संत तुकाराम'मध्ये प्रभातनं १९३६ साली विमान आकाशात नेलं आणि लोकांनी हात जोडले. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. संगीत नाटकात मागं राजवाडा रंगवलेला असायचा. जत्रेतल्या फोटोवाल्याकडं रंगवलेल्या बागेपुढं आपल्या आजी-आजोबांनी ताठ बसून फोटो काढलेत. यात कुणी फसलं का? नाही. कारण बघणाऱ्याला माहीत होतं की हा पडदा आहे. सगळा मुद्दा या माहीत असण्यात आहे.

आता दुसरी बाजू बघा.

गेल्या एका निवडणुकीच्या आधी एका उमेदवाराची माणसं माझ्याकडं आली. कुठला पक्ष, कोण उमेदवार, ते सोडा. काम साधं होतं. साहेब खोलीत उभे राहून बोलणार, मी मागं कालवा लावायचा. भरून वाहणारा. त्यांनी क्लिपही आणली होती, आणि ती आपल्याकडची नव्हती हे काठावरची झाडं बघूनच कळत होतं. मी म्हटलं, "साहेबांना आपल्याच कालव्यावर नेऊ, अर्ध्या तासाचं काम." उत्तर आलं, "तिथं आत्ता पाणी नाही ना राव." मी काम घेतलं नाही. ते त्यांनी दुसरीकडून करून घेतलं असेल, मला कल्पना नाही.

मंडळी, या एका वाक्यात सगळं आलं. तिथं पाणी नाही, म्हणूनच तिथं जायचं नाही.

खटाव आणि माण तालुक्यांचं अर्धं राजकारण पाण्याचं आहे. कृष्णेचं पाणी उचलून नेर तलावात आणि पुढं आंधळीकडं न्यायचं म्हणून जिहे-कठापूर. उरमोडीचं पाणी इकडं आणायचं. टेंभूचं पाणी वंचित गावांना द्यायचं. पिढ्या या नावांवर मतं देत आल्या. अशा ठिकाणी पुढाऱ्यामागं दिसणारा वाहता कालवा ही सजावट नसते, ती 'काम झालं' अशी पावती असते. मुंबई-पुण्यात राहणारा आपला माणूस मोबाईलवर ते बघतो आणि गावाकडं फोन करून म्हणतो, "आलं की पाणी!" गावातल्याला मग स्वतःच्या कोरड्या विहिरीचं स्पष्टीकरण द्यावं लागतं.

पुराचं तर विचारूच नका. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या महापुराच्या क्लिपा नंतरच्या पावसाळ्यांतही 'आत्ताचं दृश्य' म्हणून फिरताना मी पाहिल्यात. समजा पूर नाही आणि निवेदकाच्या मागं २०१९ चं पाणी लावलं, तर लोक उगाच रात्री घर सोडतील. समजा पूर खरंच चढतोय आणि मागं सकाळची क्लिप फिरतेय, तर गोठ्यातली जनावरं कधी सोडायची हा निर्णय माणूस चुकीच्या चित्रावर घेईल. नदीकाठच्या माणसासाठी त्या चौकटीतलं पाणी ही माहिती आहे.

मोठ्या वाहिन्यांनीच ही सवय लावली. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळाच्या वेळी एका हिंदी वाहिनीची निवेदिका स्टुडिओत छत्री धरून, वाऱ्यानं हेलकावे खाल्ल्यासारखी बातमी देत होती. देश हसला. पण तिथं नाटक उघड दिसत होतं म्हणून हसता आलं. चांगली की मारली असेल तर हसू येत नाही, विश्वास बसतो.

आता यावर मला जी उत्तरं मिळतात ती घेतो.

पहिलं: "लोकल चॅनेलला परवडत नाही." पेट्रोल परवडत नाही हे मला मान्य. मग मागं साधी भिंत ठेवा आणि सांगा, 'आम्ही तिथं पोचलो नाही, फोनवरून माहिती घेतली.' यात कसली लाज? न पोचता पोचल्यासारखं दाखवायची गरज काय? शिवाय 'प्रत्यक्ष' बातमी म्हणजे महागडा कॅमेरा नव्हे. वॉटर कपच्या वर्षांत गावोगावच्या पोरांनी साध्या मोबाईलवर श्रमदानाचे व्हिडिओ काढले. हलणारे, अंधारातले, आवाज फुटलेले. २०१८ ला माणमधलं टाकेवाडी राज्यात पहिलं आलं. त्या व्हिडिओंना वजन होतं, कारण मागची टेकडी खरी होती आणि ज्याला शंका होती तो एसटीनं जाऊन बघू शकत होता.

दुसरं: "आता एआय आलंय, तुम्ही कापडावर काय बसलाय?" बरोबर, एआयचा धोका मोठा आहे. निवडणूक आयोगानंही २०२५ मध्ये पक्षांना कृत्रिम मजकुरावर ठळक लेबल लावायला सांगितलं. पण चर्चा सगळी एआयची झाल्यामुळं जुनं कापड बाजूनं निसटतंय. बघणाऱ्याला काय फरक पडतो की खोटा कालवा मशीननं काढला की मी एडिटिंगमध्ये चिकटवला? फसवणूक तीच आहे.

तिसरं: "लोक हुशार आहेत, ओळखतात." सगळे नाही ओळखत. म्हणून कसं ओळखायचं ते सांगतो. केसांच्या कडा बघा, तिथं कुरतडल्यासारखं दिसतं. कानामागं, पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर हिरवट झाक शोधा. मागं भर उन्हातला माळ असून तोंडावर सावली सगळीकडं सारखी असेल तर संशय घ्या. मागची झाडं हलतात आणि माणसाचा एक केस हलत नाही? आणि सगळ्यात सोपं, आवाज ऐका. आपल्या माळावर वारा असा असतो की माइकवर केसाळ टोपी चढवली तरी थोडा फरफराट येतोच. खोलीतला गुळगुळीत आवाज आणि मागं उघडं रान, हे जुळत नाही.

जागेला साक्ष असते, हे वडूजला कुणी शिकवायला नको. ९ सप्टेंबर १९४२ ला इथल्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, नऊ जण हुतात्मा झाले. ते लोक चालत आले होते, आपल्या पायांनी, त्याच जागी. ज्या गावात 'तिथं जाणं' याची एवढी किंमत मोजली गेली, त्या गावच्या पुढाऱ्याला आणि पत्रकाराला कालव्यापर्यंत जाणं जड का व्हावं?

माझ्या मागण्या तीनच आहेत.

एक. बातमी किंवा प्रचाराच्या व्हिडिओत मागं एखादी ठरावीक जागा दाखवली असेल आणि माणूस तिथं नसेल, तर पूर्ण व्हिडिओभर वाचता येईल अशा अक्षरात लिहा: 'पार्श्वभूमी कृत्रिम आहे.' शेवटी अर्धा सेकंद नाही.

दोन. मागं खरी क्लिप लावली असेल तर ती कुठली आणि कुठल्या तारखेची, हे कोपऱ्यात द्या. एडिटरला याला दोन मिनिटं लागतात. मी रोज हेच काम करतो, लागत नाही त्यापेक्षा जास्त.

तीन. हे माझ्या धंद्यातल्या भावांना. पौराणिक नाटक, वाढदिवस, कोचिंग क्लासचे धडे, काय हवं ते करा. पण पाणी, पूर, रस्ता, दवाखाना असं काही पुरावा म्हणून चिकटवायला कुणी आलं तर नाही म्हणा. एकट्यानं नाही म्हटलं तर काम शेजारच्या दुकानात जातं, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून सगळ्यांनी म्हणायला हवं.

आणि बघणाऱ्यांनो, तुमचं काम सगळ्यात सोपं. पुढच्या वेळी कुणी भरल्या कालव्यापुढं उभं राहून बोलताना दिसलं, की खाली एवढंच लिहा: "साहेब, हा कालवा कुठल्या गावातला, आणि आज तिथं येऊ का?"