ओलीचा हिशेब

मृगाची झड उतरल्यापासून थेट हस्तापर्यंत आजऱ्याच्या घरांतील मीठ पाझरते, पापड वातड होतात आणि कोनाड्यातल्या वहाणांवर बुरशीची पांढरी साय धरते. असल्या मुलखात नैसर्गिक तंतू घातलेले कुजणारे प्लास्टिक काढण्याची तजवीज जे कोणी करीत असतील, त्यांनी यंत्राच्या किमतीआधी ओलीचा हिशेब मांडावा, अशी आमची विनंती आहे.

कच्च्या मालाची ददात येथे नाही. २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभलेल्या घनसाळ भाताचे तूस आहे (त्यातील सिलिका स्क्रू आणि बॅरल कानशीसारखी घासून काढते, हे तूस फुकट देणारा गिरणीवाला सांगत नाही), आणि गवशाच्या साखर कारखान्याचे चिपाड आहे. चिपाडावर मात्र पहिला हक्क बॉयलरचा, आणि गाळपातून ते बाहेर पडते तेव्हा त्याचे निम्मे वजन पाण्याचेच असते.

या कामी घ्यावयाचे कुजणारे प्लास्टिक, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल, १७० अंशांच्या आसपास वितळते आणि तंतू २०० च्या पुढे करपू लागतो. या चिंचोळ्या बोळातून माल न्यावयाचा, आणि त्यातही वितळलेल्या राळेत दहा लाख भागांस २५० भागांहून अधिक पाणी राहिले तर रेणूंच्या साखळ्या तुटून, दिसावयास गोंडस पण हातात कडकन मोडणारी वस्तू साच्याबाहेर येते. दाणे ८० अंशांवर चार तास इमानेइतबारे सुकविणारे कारखानदारही तंतू उन्हात वाळवून हॉपरमध्ये लोटतात. तो हाताला कोरडा लागला तरी त्याच्या पोटात शेकडा आठ भाग पाणी सहज असते. म्हणजे शंभर किलो मिश्रणात वीस किलो तंतू घालणारा मनुष्य दीड किलोहून अधिक पाणी आत सोडतो, आणि मर्यादा असते २५ ग्रॅमांची. व्हेंटवाटे बरेचसे उडून जाते खरे. पण घात व्हावयाचा तो त्याआधीच होऊ लागलेला असतो. तंतू १०५ अंशांवर रात्रभर सुकवून गरम असतानाच बंद पिंपात भरावा, यात हयगय नको.

राहिला प्रश्न कुजण्याचा. आयएस १७०८८ हे मानक ज्या कंपोस्टचे गृहीत धरते ते ५८ अंशांच्या आसपास तापलेले असते. हिरण्यकेशीच्या काठी फेकलेली वाटी तेथे कित्येक पावसाळे तशीच पडून राहील. साखर कारखान्यांवरील प्रेसमडच्या राशी मात्र आतून साठ अंशांपर्यंत तापतात. येत्या हंगामात अशा राशीत आपल्या मालाचे पसाभर तुकडे पुरून, दर पंधरवड्यास उकरून तोलण्याची तसदी कोणी घेतली, तर तो तपशील छापावयास आम्ही दोन पाने राखून ठेवू.