नमुना गिऱ्हाईकाच्या हातातला हवा

कापडाचा तागा उचलण्याआधी आम्ही व्यापारी तुकडा पाण्यात भिजवून पाहतो. रंग जातो का, कापड आटते का. दुकानाच्या उजेडात सगळाच माल चांगला दिसतो. मोबाईलचे ॲप बनविणाऱ्यांनाही आमचे हेच सांगणे आहे.

राज्य शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू केली. शेतकऱ्याने शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद सातबाऱ्यावर जायची. औसा तालुक्यातील सोयाबीनवाल्यासाठी हे काम किरकोळ नाही. नोंद नसेल तर नुकसानभरपाई मागताना अडचण येते. अशा ॲपची परीक्षा शहरातल्या कचेरीत, महागड्या फोनवर करून भागत नाही.

चार फोन पुरेत, पण ते निवडून घ्यावेत. पहिला दोन जीबी रॅमचा, फोटो-व्हिडिओंनी भरलेला. गुगलने २०१७ साली अँड्रॉइड गो काढले ते अशाच कमी मेमरीच्या फोनसाठी. दुसरा पाच-सहा वर्षे जुना. तिसरा सध्या बाजारात जास्त खपणारा. आयफोन शेवटी. एकावर अक्षरे मोठी करून पाहावीत, एकावर उर्दू लावावी. लिपी उजवीकडून सुरू झाली की पुष्कळदा बटणे जागा सोडतात. आणि ही परीक्षा उन्हात, कमी रेंजमध्ये व्हावी.

दुकानाचे ॲप चालले नाही तर गिऱ्हाईक ते काढून टाकील. सरकारी ॲपच्या बाबतीत शेतकऱ्याला तीही सोय नाही. म्हणून खर्च आधी नमुन्यावर करावा. इमानदारीचा धंदा तोच, असे आम्ही मानतो.