वारी आणि वार्ता

ज्येष्ठ वद्यात पालख्यांनी प्रस्थान ठेवले की महाराष्ट्रात वारीची बातमी नाही असे वृत्तपत्र निघत नाही, आणि वारीचे दृश्य नाही अशी मराठी वृत्तवाहिनीही आढळत नाही. भाविक घरांस याचा आनंद वाटावा हे स्वाभाविकच आहे. तथापि या सगळ्या वृत्तांत वारीचे काय येते आणि काय निसटते, याचा विचार आज एकादशीच्या दिवशी करणे अप्रस्तुत ठरू नये, असे आम्हांस वाटते.

येते ते वाचकांच्या परिचयाचे आहे. दिवे घाटाची नागमोडी वाट आणि तीवरून चढणारा माणसांचा ओघ. हे छायाचित्र पूर्वी डोंगरावर उभे राहून काढीत, आता उडत्या कॅमेऱ्याने काढतात. मग रिंगणात धावणारा अश्व. मग कोणी नट वा पुढारी, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात टाळ, चेहरा कॅमेऱ्याकडे. शेवटी एकादशीच्या पहाटेची शासकीय महापूजा. २०१८ साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस पंढरपुरास गेले नाहीत व त्यांनी मुंबईच्या शासकीय निवासस्थानीच पूजा केली. त्या वर्षीच्या आषाढीची सर्वांत मोठी बातमी तीच झाली. विठ्ठल विटेवर होता, वाळवंट माणसांनी फुलले होते. चर्चा मात्र न आलेल्या यजमानाची.

याचे कारण वार्ताहरांच्या अश्रद्धेत शोधणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापैकी कित्येकांच्या गळ्यात माळ आहे. अडचण मुळातली आहे. बातमीला दररोज नवे लागते आणि वारीला दरवर्षी तेच लागते. तीच वाट, तेच मुक्काम, त्याच तिथी, दिंड्यांचा तोच अनुक्रम. ज्याच्या आजोबांनी केले तेच नातू करतो, आणि त्यात काही निराळे केले नाही याचेच त्याला समाधान असते. या नेमाचे छायाचित्र कसे काढणार? मग नजर जाते ती नेमभंगाकडे.

आळंदीस ११ जून २०२३ रोजी, माउलींच्या प्रस्थानाच्या दिवशी, काही तरुण वारकरी आणि पोलिस यांच्यात मंदिरप्रवेशावरून झटापट झाली. लाठीमार झाला, असे विरोधी पक्ष म्हणाले. झाला नाही, असे गृहमंत्री म्हणाले. ही बातमी दडवावी असे आमचे मुळीच म्हणणे नाही. माउलींच्या दारात वारकऱ्याला धक्का बसणे ही गंभीरच गोष्ट. परंतु त्या सायंकाळपासून वारकरी बाजूला राहिला आणि त्याच्या नावाने दोन पक्ष परस्परांशी भांडत राहिले. तेच काही क्षणांचे दृश्य किती वेळा दाखवले गेले, त्याला गणती नाही.

आता वारी स्वतः तक्रार कशी ऐकते ते पाहावे. माउलींची पालखी सायंकाळी तळावर पोहोचली की दिंड्या भोवती गोल करून उभ्या राहतात. टाळ-मृदंगांचा गजर टिपेला पोहोचलेला असतो. चोपदार दंड उंचावतो आणि एवढा अफाट समुदाय एका क्षणात निःशब्द होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने मात्र टाळ वाजवीत राहायचे, अशी रीत आहे. त्या शांततेत तेवढाच टाळ ऐकू येतो. चोपदार तिकडे जातो, तक्रार ऐकली जाते, तिचा निवाडा होतो. हरवल्या-सापडल्या वस्तू सांगितल्या जातात, दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते, आणि मग समाजआरती. आमच्या मते हे वारीचे दैनिकच आहे! तक्रार त्यात पहिल्या पानावर आहे. फक्त ती सांगण्यापूर्वी इतर सर्वांनी गप्प व्हायचे असते.

योगायोग असा की हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्यास आजचे शिस्तबद्ध रूप दिले ते १८३२च्या सुमारास, आणि बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले तेही ६ जानेवारी १८३२ रोजी. म्हणजे मराठी वृत्तपत्र आणि माउलींचा हा सोहळा वयाने जवळजवळ बरोबरीचे. इतक्या वर्षांच्या शेजारात ही रीत आमच्या व्यवसायबंधूंना उचलता आली असती.

पायी चालून लिहिणारेही झाले आहेत. दि. बा. मोकाशी पालखीबरोबर चालले आणि १९६४ साली त्यांचे ‘पालखी’ हे पुस्तक आले. ते वारकरी म्हणून गेले नव्हते. पण पालखीबरोबर चालले, आणि म्हणूनच ते आजही वाचले जाते. मोटारीतून पुढच्या मुक्कामी जाऊन थांबणाऱ्याला ते कसे साधावे?

२०२० आणि २०२१ साली साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस. टी.च्या गाडीने पंढरपुरास गेल्या. वाहिन्यांनी ओस वाळवंट दाखवले, ते योग्यच होते. त्याच सकाळी गावोगावी ज्यांनी अंगणातल्या तुळशीला प्रदक्षिणा घातली, देवघरापुढे हरिपाठ म्हटला आणि एकादशीचा उपवास धरला, त्यांची मात्र बातमी होण्याजोगी नव्हती. वारी त्या दोन वर्षांत टिकली ती या घरांत.

आणखी एक गोष्ट राहते. द्वादशीचा अंक निघाला की वारी वृत्तपत्रांतून जवळजवळ नाहीशी होते, जणू वारकरी पंढरपुरातच विरघळून गेले. वस्तुतः पौर्णिमेला गोपाळपुरास काला होतो, आणि पालखी आल्या वाटेने पुन्हा आळंदीस निघते. परतीस माणसे थोडी, मजला लांबच्या, पाऊस बहुधा अधिक. स्वागताच्या कमानी उतरलेल्या आणि पुढारी मुंबईस परतलेले. पादुका तरीही त्याच, आणि टाळही तेच. एखाद्या संपादकाने आपला वार्ताहर यंदा पौर्णिमेनंतर त्या वाटेवर पायी धाडावा, अशी आमची विनंती आहे.