कुत्रा दत्तक घेताना विचारायचा दुसरा प्रश्न

निवृत्तीनंतरच्या एकाकीपणावर उपाय म्हणून निवारा केंद्रातील एखादा कुत्रा दत्तक घ्यावा काय, अशी विचारणा अलीकडे अनेक कुटुंबांकडून होते. कल्पना उत्तम आहे. माझी चिठ्ठी जे करू शकत नाही ते, म्हणजे रोज दोनदा घराबाहेर पडून चालणे, हा सोबती सहज करवून घेतो. मात्र निवड करताना बहुतेक मंडळी ‘हा माणसांना चावत तर नाही ना?’ एवढेच विचारतात. रस्त्यात दुसरे कुत्रे दिसल्यावर हा काय करतो, हे विचारायचे राहून जाते.

हा प्रश्न वैद्यकाचा कसा, असे आपणांस वाटेल. अमेरिकेत पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याला फिरविताना हाड मोडून रुग्णालयात आलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तींची अंदाजे वार्षिक संख्या २००४ मध्ये १,६७१ होती. २०१७ मध्ये ती ४,३९६ झाली. त्यांत तीन चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया होत्या. आपल्याकडे तर प्रत्येक वळणावर भटक्या कुत्र्यांची टोळी बसलेली असते. वीस-पंचवीस किलोंच्या कुत्र्याने अचानक झेप घेतली, तर ठिसूळ हाडांच्या आजींचे मनगट किंवा खुबा मोडण्यास एक क्षण पुरतो. खुब्याच्या अस्थिभंगानंतर अनेक वृद्ध पूर्वीसारखे चालू शकत नाहीत, हे आपण जाणताच.

केंद्रातील पिंजऱ्यासमोर उभे राहून कुत्र्याच्या स्वभावाचा निवाडा करू नये. सततचा गोंगाट आणि अपुरी झोप यांमुळे तेथे गरीब कुत्राही जाळीवर धावून जातो. उलट भेदरलेला कुत्रा इतका निपचित असतो की तो शांत वाटावा. त्याला पट्टा बांधून बाहेर आणावयास सांगावे आणि दुसरा कुत्रा दुरून जात असताना पाहावे. त्याने क्षणभर पाहून मान वळविली, जमीन हुंगली, हाक मारताच आपल्याकडे लक्ष दिले, तर उत्तम. अंग ताठ करून, नजर रोखून तो उभा राहिला, तर सावध व्हावे. हलणारी शेपटी नेहमीच मैत्रीची खूण नसते. ताठ उभारलेली, झटके देत हलणारी शेपटी उत्तेजना दर्शविते. आणखी एक गोष्ट : मोकळा असताना इतरांशी खेळणारा कुत्राही पट्ट्यावर भुंकू शकतो, कारण भीती वाटल्यास दूर जाण्याची वाट त्याला उरलेली नसते. म्हणून दोन्ही स्थितींत पाहावे.

पिल्लूपणीच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत इतर कुत्र्यांचा सहवास न लाभलेल्याला पुढे तो शिकविता येतो, पण त्यास धीर आणि अंगात बळ लागते. सत्तरीपुढील व्यक्तीने हे काम अंगावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी मध्यम अंगाचा, प्रौढ, निर्बीजीकरण झालेला कुत्रा बरा. (पिल्लाचा हट्ट बहुधा नातवंडांचा असतो, फिरविणे मात्र आजोबांच्या वाट्याला येते.) नव्या घरात खरा स्वभाव उमटण्यास काही आठवडे लागतात; तोवर घरातील तरुण व्यक्तीने त्याला फिरवावे.

पट्ट्याचे टोक मनगटाला गुंडाळू नये. कुत्र्याने जोरात ओढले, तर पट्टा सोडून द्यावा. आधी तोल सांभाळावा. कुत्र्यांची झुंज लागल्यास मध्ये हात घालू नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना तर लहानसा चावाही त्रासदायक ठरतो. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काहीही लावू नये. आपल्या कुत्र्याला लस दिलेली असली, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि चावणारा कुत्रा आपला की रस्त्यावरचा, हे आवर्जून सांगावे.